शेवटचं पाणी

३ नोव्हेंबर
आले एकदाची वरवे बुद्रुकला! लॅब छोटी, पण खिडकीतून भाताची खाचरं दिसतात. खोली बनाबाईंच्या घरात, दोन वेळच्या भाकरीसकट. काम मजेचं आहे. गावातले कोंडिबा वेल्ह्याच्या रानातून नरक्याच्या डहाळ्या आणतात. या झाडाच्या आत एक बुरशी राहते, झाडाला न दुखवता, आणि कॅन्सरवरच्या औषधाचं द्रव्य झाडासारखं तीही बनवते. ती बाहेर काढून वाढवायची. त्यासाठी डहाळी आधी स्पिरिटने, मग ब्लीचने, मग पाण्याने धुवायची आणि शेवटचं पाणी बुरशी वाढवायच्या वेगळ्या प्लेटवर टाकायचं. तिथे काही उगवलं नाही, तर डहाळीतून उगवलं ते नक्की आतलं. लॅबचे प्रमुख आनंदराव सर म्हणाले, आम्हा दोघींपैकी एकच कायम होणार. दुसरी भोरची शुभ्रा. गोड वाटली.

२४ नोव्हेंबर
गोड कसली! माझ्या बुरशीने द्रव्य बनवायचं सोडलं. तिची बनवतेच आहे. सरांचं दिवसभर शुभ्रा, शुभ्रा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. कोंडिबांना विचारलं, तर म्हणाले, "झाडाबिगर ती आळशी हुती, बाई. तिला जित्तं घर लागतं." शुभ्रा म्हणे बुरशी अधूनमधून रोपात परत सोडते. रोपं तिची. एक मागितलं, तर नाही म्हणाली.

२६ नोव्हेंबर
तिची बुरशीची एक नळी उचलली. चोरी तर चोरी. त्यातली बुरशी ब्लेडने काढताना घाईत तेच ब्लेड बोटात घुसलं. कुणाला सांगितलं नाही. तिच्यासमोर धांदरट ठरायचं नव्हतं मला.

६ डिसेंबर
जखम भरली. नखाखाली पांढरी लव आली आहे. दुखत नाही. पण बोटाला नरक्याच्या डहाळ्यांना येतो तसा कुजका वास येतो. बनाबाईंनी जेवायला लांब बसवलं.

७ डिसेंबर
बोट धुतलं. स्पिरिट, ब्लीच, पाणी. नखाचा तुकडा एका प्लेटवर, शेवटचं पाणी दुसरीवर.

१२ डिसेंबर
पाण्याची प्लेट कोरी. नखाची पांढरीफेक.
देवा. आतून आहे.
उद्याच भोरला डॉक्टरकडे जाते. आधी फक्त नखातल्या बुरशीचं द्रव्य मोजून घेते.

२० डिसेंबर
शुभ्राच्या तिप्पट! सर सगळ्यांसमोर म्हणाले, प्रेरणाकडून शिका. तिचं तोंड एवढंसं झालं. किती बरं वाटलं मला! डॉक्टर पुढच्या आठवड्यात.

२३ डिसेंबर
कंगव्यात केसांचा पुंजका. तेच द्रव्य अंगात भिनतंय —
शुभ्राने विचारलं, "कुठल्या झाडाचं आहे गं?" मी हात मागे घेतला. तिने माझा हात धरला, बोट नाकाशी नेलं. मग हसली.

२६ डिसेंबर
शुभ्राच्या बोटाला पट्टी.

१६ जानेवारी
तिचा आकडा माझ्या वर. डोक्याला स्कार्फ बांधून आली होती, आणि मेली हसत होती. सरांचं पुन्हा शुभ्रा, शुभ्रा —
शनिवारी कायम कोण, त्याचा निकाल.

१७ जानेवारी
आता एका बोटाच्या तुकड्याने भागणार नाही. लव मनगटापर्यंत आली आहे — डावा हात कोपरापर्यंत धुतला. स्पिरिट, ब्लीच, पाणी. शेवटचं पाणी प्लेटवर टाकलं. ब्लेड नवं घेतलंय.
ती बोटावरच थांबली. मी मात्र —