उत्तर येईपर्यंत कोरा रकाना

मु. खापर,
रविवार, ता. १५ फेब्रुवारी १९३१

तीर्थस्वरूप लोटनदादांच्या पायांशी धाकट्या चुलतभावाचा, हिलालचा, नमस्कार पोचावा.

इकडे सर्व क्षेम असून तिकडचे क्षेम कळावे ही इच्छा चार वर्षे मनात धरून आहे. आपल्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे? (शेवटचे कळले तेव्हा उजवा दुखत होता. मधल्या काळात डावा सुरू झाला असल्यास तोही या चौकशीत धरावा.) धुळ्याची हवा धनुवहिनींना मानवत असेल. चिरंजीव बापू नवापूर स्टेशनात तारबाबू झाला हे मोटारीतल्या एका उतारूकडून कळले आणि मनापासून आनंद झाला. मनापासून की संकोचापोटी, याचा विचार करण्यात कालची संध्याकाळ गेली. अखेर डायरीत ‘बारा आणे मनापासून’ अशी नोंद करून दिवा मालवला.

पत्रास कारण असे काही नाही. सहज लिहायला बसलो. (हे वाक्य खरे नाही, पण पत्राच्या सुरुवातीला ते असावे लागते.)

आपणांस आठवत असेल, १९११ साली मी पुण्याहून बी. ए. होऊन नुकताच परतलो होतो, तेव्हा सरकारने मला खानेसुमारीचा गणतीदार केले. बी. ए. झालेल्या माणसाला माणसे मोजता येत असावीत असा कचेरीचा समज होता. १९२१ सालीही मीच होतो आणि यंदाही मीच आहे. पगार नाही, शाई सरकारी. तेव्हा गेला महिनाभर मी सकाळी दशमी बांधून निघतो आणि पाड्यापाड्यांवर जाऊन लोकांना विचारतो, तुम्ही काय करता, आणि किती शिकलात. डोंगर या दिवसांत निळसर धुरकट असतो, पळस नुकता पेटू लागला आहे, आणि पायवाटेवर वीस वर्षांपूर्वीचा मीच पुढे चालतो आहे असा भास होतो. त्याच्या हातात नवी वेताची छडी आहे, डोक्यात विद्या आहे, आणि प्रत्येक घराशी तो माझ्याआधी पोचून खुर्ची मागतो. (तेव्हा खरोखरच मागितली होती. डायरीत आहे. फार लाज वाटते.)

दादा, माणसे त्याच दारांत उभी आहेत, पण धंदे त्यांच्या अंगावरून पाण्यासारखे वाहून गेले आहेत. सुगनचंद मारवाड्याचा बाप धर्मचंद १९११ साली घोड्यावर कापडाचे गाठोडे टाकून डोंगरात फिरायचा. १९२१ साली ‘दुकान’ लिहिले. यंदा दुकानामागे पिठाच्या गिरणीचे इंजिन धडधडते आहे आणि सुगनचंद विचारतो, पहिला धंदा गिरणी लिहू की दुकान, कारण म्हातारी जडावबाई अजून दोन्हींना ‘आपलं गाठोडं’ म्हणते. जालमसिंग पहिल्या खेपेला एका जहागीरदाराच्या दारावर भाला घेऊन उभा होता. (धंदा: ‘उभे राहणे’, असे मी तेव्हा लिहिले होते आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती.) दुसऱ्या खेपेला तो लाकडाच्या गाड्या हाकत होता. आता तो नंदुरबारच्या मोटारीवर मागे बसतो. धंदा विचारला तर म्हणाला, “मोटार चालनी का मी बसेल शे, थांबनी का मी धंदावर.” यातला मुख्य भाग कोणता हे मला अजून ठरवता आलेले नाही.

खरी फजिती आमशाच्या पाड्यावर झाली. पाडा तीन कोस वर आहे. आमशाला म्हटले, धंदा सांग. तो म्हणाला, “कोनता महिनाना?” बाजाराच्या अहिराणीत तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. चैत्रात मोह वेचणे, पुढे टेंभुर्णीची पाने, पाऊस पडला की आपले शेत, मग दुसऱ्याचे शेत, गवत कापणे, लाकूड तोडणे, पौषात गुजरातेत उतरून सरकी काढण्याच्या जिनात कपाशीच्या गासड्या वाहणे. तो सांगत असताना मोहाच्या झाडाखाली मला असे दिसू लागले की वर्ष हाच एक लांब रस्ता आहे, त्याच्यावर बारा घरे आहेत, आणि आमशा प्रत्येक घरातून वेगळा माणूस होऊन बाहेर पडतो. मी मात्र वीस वर्षे एकाच घरात बी. ए. होऊन बसलो आहे. डोळे उघडले तेव्हा आमशा गुरे बांधायला निघून गेला होता, आणि त्याचे धंदे मुख्य आणि जोडधंदा अशा दोन रकान्यांत न मावल्यामुळे खालच्या ओळीत उतरले होते. खालची ओळ त्याच्या शेजारणीची, सत्तरीच्या नानीबाईची. तपासनीस साहेबांनी पुस्तक पाहिले आणि चष्मा काढून मला विचारले, ही सत्तर वर्षांची आंधळी बाई गासड्या वाहते?

तेव्हा गेल्या मंगळवारी दुरुस्तीसाठी पुन्हा तीन कोस चढलो. नानीबाईला चूक समजावून सांगितली. ती इतकी हसली की तिला खोकला आला. मग म्हणाली, राहू दे तसेच, बारा वर्षे झाली कोणी कामाला बोलावत नाही, कागदावर तरी जाते. मी तिची ओळ खोडली, कारण नियम नियम आहे. उतरताना मात्र प्रत्येक वळणावर थांबून मागे पाहत होतो. खोडले ते बरोबर की चूक यावर डायरीत चार पाने झाली आहेत, निर्णय झालेला नाही.

आता शिक्षणाचा रकाना. त्याचा नियम आपणांस कचेरीत राहून ठाऊक असेलच. ज्याला मित्रास पत्र लिहिता येते आणि आलेले उत्तर वाचता येते, तोच साक्षर. पहिल्या दोन खेपांना हा नियम मी नुसता वाचला होता. यंदा तो मला चावला. जालमसिंग सही करतो, पण पत्र नाही. सुगनचंद तीन लिप्यांत लिहितो, रोज सुरतेच्या आडत्याला पत्र जाते आणि रोज उत्तर येते. पण नियमात मित्र म्हटले आहे. म्हणून शंका नको म्हणून विचारले, आडत्या तुमचा मित्र आहे काय? सुगनचंदने गादीवरून उठून गिरणीचे इंजिन बंद करवले, मला पुन्हा विचारायला लावले, आणि मग मुनीमाला हाक मारली, “अरे, सुनो, सुनो! गणतीदार काय म्हणतात! आडत्या आणि मित्र!” शेवटी त्याने मारवाडातल्या एका मेव्हण्याचे नाव दिले, ते मी चालवून घेतले. आमशाला विचारले तर तो म्हणाला, मित्र दोन शेते पलीकडे राहतो, हाक मारली की येतो, त्याला कागद कशाला? हे उत्तर ऐकून मी पुन्हा मोहाखाली बसलो. मित्र दूर असावा लागतो, रुसलेला असला तरी चालतो, पण दूर हवा. मग पत्र. आणि मग उत्तर.

दादा, मी बी. ए. आहे हे खरे. पण चार वर्षांत मी एकाही मित्राला पत्र पाठवलेले नाही आणि मला कोणाचे उत्तर आलेले नाही. तेव्हा माझ्या स्वतःच्या नावासमोर काय लिहावे हे मला खरोखर कळेना. तो रकाना मी अजून कोरा ठेवला आहे. तपासनीस साहेबांना हा विनोद वाटला.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. स्वतःचे घर मी सर्वांत शेवटी मोजायला घेतले. सौ. कौसा चुलीपाशी होती. माझा धंदा ‘शेती’ लिहू लागलो तेव्हाच ती म्हणाली, “शेती मी करस. तुम्ही ते लिखतस.” मग तिच्या नावासमोर लिहिता-वाचता येते काय इथे आलो आणि सवयीने ‘नाही’मधला न काढू लागलो. ती तिथूनच म्हणाली, “थांबा. मले कोनी इचारं?” दादा, एकवीस सालची आणि अकरा सालची डायरी काढून पाहिली. दोन्ही वेळा मी न विचारताच ‘नाही’ लिहिले होते. परक्या सातशे माणसांना विचारत डोंगर चढलो, आणि जिच्या हातची दशमी बांधून नेली तिला वीस वर्षांत एकदाही विचारले नाही.

तिने माझ्याच लेखणीने स्वतःचे नाव लिहून दाखवले. कसे आले म्हणून विचारले तर म्हणाली, सुगनचंदच्या दुकानातून साखर ज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांत बांधून येते, ते वाचत गेले. (त्यामुळे तिला जगातल्या बहुतेक बातम्यांचा मधला भाग ठाऊक आहे. सुरुवात आणि शेवट दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पुड्यांत गेलेले.) मी माफी मागितली, आणि मागून झाल्यावर, स्वभाव काय करणार, नियम सांगितला. मित्रास पत्र, आणि उत्तर. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, “बरं. लिखसू.” बायकोला सवलत दिली असे उद्या कोणी म्हणू नये म्हणून मी हट्ट धरला. आज वाटते, तसे कोणी म्हणणारच नव्हते.

तिने पत्र धनुवहिनींना लिहिले. मी ते वाचले नाही, दुसऱ्याचे पत्र वाचू नये. नुसते तिकीट लावले. त्याला आज सतरा दिवस झाले. टपालवाला दिलवरसिंग मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. या मंगळवारी मी नानीबाईकडे गेलो होतो. संध्याकाळी घरी येऊन विचारले तर कौसाने नुसती मान हलवली आणि चुलीत फुंकर घातली. काळ्या शाईची कच्ची नोंद मी लिहिलेली नाही. शेवटची संधी तांबड्या शाईच्या पक्क्या नोंदीची, सव्वीस तारखेपर्यंत. तोवर उत्तर न आल्यास वरचे लोक कोऱ्या जागी ‘नाही’ भरतील, आणि पुढली दहा वर्षे ती अडाणी राहील. पुढच्या खेपेला ती अठ्ठेचाळिसाची असेल, आणि गणतीदार कदाचित दुसरा कोणी असेल, जो विचारणारही नाही.

असो. फार लिहिले. गुडघ्याला एरंडेल चोळत जावे. वहिनींना नमस्कार, बापूला आशीर्वाद.

आपला,
हिलाल

ता. क. पत्रास कारण आहे. धनुवहिनींनी दोन ओळी का होईना, सव्वीसच्या आत पोचतील अशा लिहाव्यात. माझ्यावरच्या रागामुळे आपण त्यांना लिहू दिले नसेल, तर राग माझ्यापुरता ठेवून पत्र जाऊ द्यावे. रकाना माझा नाही, तिचा आहे.

दुसरा ता. क. चार वर्षांपूर्वी बापूला पाहायला आलेल्या मुलीकडच्या लोकांनी मला विचारले, मुलगा कितवीपर्यंत शिकला. मी म्हणालो, मॅट्रिकला बसला, पास झाला नाही. हे त्यांनी विचारले होते. पण ‘दोनदा बसला’ हे मी न विचारता सांगितले. सोयरीक त्या एका शब्दाने मोडली. जे विचारायला हवे ते न विचारणारा आणि जे विचारले नाही ते सांगणारा, असा मी गणतीदार आहे. क्षमा असावी. हे सोळा आणे मनापासून आहे.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायला कौसाकडे देत आहे. पुरावा म्हणून तिच्या अक्षरात दोन ओळी खाली लिहायला सांगितल्या आहेत. त्या मी वाचणार नाही.

दादास्ले कौसाना दोन्ही हात जोडीसन नमस्कार. मन्हं अक्षर वाकडं शे, संभाळी ल्या. धनुबाईनं उत्तर मंगळवारीच उनं, दिलवरसिंगनी मन्हा हातमा दिधं. मी यास्ले दखाडं नही. दखाडं असतं ते यास्नी तुम्हले हाई पत्र लिखं नसतं. सव्वीस तारीखना आगोदर दखाडी दिसू, मन्हा रकाना कोरा ऱ्हावाव नही. साखरना कागदवर कोनी शिकस का? मी यास्नी डायरी वाचीवाचीच शिकनू, नऊ वरीस झायात. तठे तुम्हनं नाव दर पानवर शे. धनुबाईनी लिखेल शे, तुम्ही बी रोज दौत काढतस नि तशीच ठेई देतस. आते ठेऊ नका. उत्तर यास्ले धाडा, म्हंजे यास्ना रकाना बी भराई जाई.