व्हिजन शिबिरातल्या दोन टाक्या

सोलापूर,
नवरात्राच्या आधीचा रविवार

तीर्थरूप आप्पांस विजयमालाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो कागदावरच घालते आहे, तुम्ही तो खुर्चीत बसून घ्यावा.)

पत्र लिहायला का भाग पडलं ते आधी सरळ सांगते. परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "माले, पुढच्या आयुष्याचं काय ठरवलंयस का न्हाय?" मी घसा साफ करून उत्तर द्यायला लागले, तर तुम्ही "व्हय व्हय, जेवलो की" म्हणून फोन ठेवून दिलात. तुमच्या लेकाने, अभिमन्यूने, पुण्याहून आणून दिलेलं कानाचं यंत्र कपाटात वहिनींच्या शालूखाली ठेवल्यावर दुसरं काय होणार? तेव्हा आता लिहूनच उत्तर देते. तुम्हाला वाचायला त्रास नको म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

तुमची प्रकृती बरी असेल अशी आशा करते. सकाळचं फिरणं चालू ठेवा. फिरणं म्हणजे पारावर जाऊन बसणं नव्हे. वहिनी गेल्यापासून तुम्ही रात्री दूधभाकरीवर भागवता हे मला कळलं आहे (कुणाकडून ते विचारू नये). मी खुशाल आहे. पाणी पाचव्या दिवशी येतं. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी घंटा झाल्यासारखी साडेदहाला दचकते, बाकी तक्रार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. दिवाळीच्या आत घर विकून करमाळ्याला यावं, तुम्ही मागची खोली रंगवून ठेवली आहे, एकट्या बाईने सोलापुरात राहायचं कारण नाही, हे तुमचं म्हणणं. त्यावर मी विचार केला नाही असं समजू नका. उलट याच प्रश्नापायी मी एका शिबिराला जाऊन आले. म्हणजे गेले होते वेगळ्याच कामासाठी. त्याचं असं झालं.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर एक निरोप आला: "स्पष्ट दृष्टी, उज्ज्वल उद्या! ज्येष्ठांसाठी मोफत व्हिजन शिबिर. चष्मा असल्यास सोबत आणावा." चष्मा आणा म्हटल्यावर कोणीही शहाणा माणूस काय समजेल? शेजारच्या बजाबाईंना (मूळच्या टेंभुर्णीकडच्या, माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात, स्वभावाने मोकळ्या, आवाजाने त्याहून मोकळ्या) बरेच दिवस सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्यांचे डोळे तपासून आणावेत म्हणून मी निघाले. बजाबाईंनी काजळ घातलं नाही, खाल्लं नाही, आणि डोळ्यांत औषध टाकल्यावर घरी कसं येणार म्हणून जाण्यायेण्याची रिक्षा ठरवली. कार्यालयात पोचलो तर दारात अत्तर शिंपडत होते. डोळ्यांच्या शिबिरात अत्तर कशाला, अशी शंका मला तिथेच यायला हवी होती. पण नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला होता, आणि बजाबाई उपाशी होत्या.

आत राजस नावाचे एक तरुण गृहस्थ कानाला लावलेल्या माइकमधून बोलत होते. समोर पडद्यावर सगळ्यात वर भलं मोठं "मी", खाली त्याहून लहान "मला काय हवं", त्याखाली आणखी बारीक काहीतरी. बजाबाईंनी तो तक्ता पाहिला आणि न सांगता उभ्या राहिल्या. पदराने एक डोळा झाकून मोठ्याने वाचलं, "मी." मग दुसरा झाकून, "मी." आणि म्हणाल्या, "वरचं 'मी' लई झ्याक दिसतंय बगा. खालचं समदं पुसट हाय." राजसनी छातीवर हात ठेवला. मग गहिवरून म्हणाले, "मित्रांनो, मी वीस मिनिटं जे सांगायचा प्रयत्न करतोय, ते आजींनी एका वाक्यात सांगितलं!" टाळ्या पडल्या. बजाबाई मला कुजबुजत म्हणाल्या, "म्हंजी नंबर वाढला म्हनायचा का वं बाई?"

तेव्हा मला उलगडा झाला की हे डोळ्यांचं नाही, आयुष्याचं शिबिर आहे. पुढच्या दहा वर्षांत स्वतःला कुठे पाहता, हे इथे शिकवणार होते. मी उठणारच होते. पण बजाबाई आता शिबिराच्या मानकरी झाल्या होत्या, त्यांना शाल मिळायची होती, त्यामुळे बसावं लागलं. राजसनी दहा वर्षांचं मलाही विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा चाळिशीत असाल, आधी तुमचं सांगा." ते हसले आणि पुढच्या रांगेकडे वळले. आप्पा, वर्गात अडचणीचा प्रश्न आला की मीही नेमकं हेच करत असे, त्यामुळे त्यांच्याविषयी मला जरा आपुलकी वाटली.

मग प्रत्येकाला एक पुठ्ठा, कात्री, डिंक आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा मिळाला. आपल्याला हवं ते आयुष्य चित्रांतून शोधून कापायचं आणि चिकटवायचं. साठीच्या पुढची चाळीस माणसं बालवाडीसारखी खाली मान घालून कापत होती. कुणी विमान लावलं, कुणी नातवंडं, एका निवृत्त मामलेदारांनी केसांच्या तेलाची बाटली लावली. मी भूगोल शिकवलेली बाई. नकाशा काढताना आधी आपण उभे आहोत ती जागा दाखवावी, मग वाट आखावी, हे मी हजारो पोरांच्या डोक्यात उतरवलं आहे. त्यामुळे विमान वगैरे मला पटेना. पानं उलटत राहिले आणि एके ठिकाणी थांबले. चित्रात संध्याकाळ होती. एका ओट्यावर दोन म्हातारी माणसं शेजारी बसली होती. एक उंच, एक बुटकं आणि जाडसर. दोघं काही बोलत नव्हती. मागे आभाळ तांबूस. मी ते कापलं, पुठ्ठ्याच्या मधोमध लावलं आणि दुसरं काहीच लावलं नाही.

राजसनी पुठ्ठा वर धरायला लावून मला बोलायला उभं केलं. मी सांगितलं की मला पुढच्या आयुष्यात फार काही नको. कामं आटोपल्यावर ओट्यावर बसावं, शेजारी आपलं माणूस असावं, ते बोललं नाही तरी चालेल. एका बाईंनी नाक पुसलं. तेवढ्यात बजाबाई म्हणाल्या, "अवं बाई, मानसं कुटली? पान्याच्या टाक्या हायत की त्या!"

होत्या खऱ्या. घरी येऊन भिंगातून पाहिलं. गच्चीवर ठेवलेल्या दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, एक उंच, एक बुटकी. खाली छापलंय, "कधीही तडा जाणार नाही." हॉलमधलं हसू थांबेना, आणि राजस हे प्रतीक कसं खोल आहे ते समजावून सांगू लागले. मी त्यांना खाली बसायला सांगितलं. (ते बसले. शिक्षकाचा आवाज निवृत्त होत नाही.)

हसू येऊन गेलं, पण तो पुठ्ठा मी टाकला नाही. गेले आठ दिवस तो माझ्या दारापुढच्या ओट्याच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. माझ्या मनात एकच घोळतं आहे. जे दिसलं ते तिथे नव्हतं हे कबूल. मग मला तेच का दिसलं? दोन हंडे दिसले असते, दोन पोती दिसली असती. नीट दिसत असतं तर मी विचारपूर्वक एखादं पुस्तकांचं कपाट निवडलं असतं, फार तर हिमालय, आणि कौतुक करून घेऊन घरी आले असते. धूसर दिसलं म्हणून मनात होतं तेच डोळ्यांपुढे आलं. पुढचं कसं ठरवावं याची मी इतके दिवस आकडेमोड करत होते: घर, पेन्शन, गुडघा, करमाळ्याचा दवाखाना. सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती. संध्याकाळी शेजारी कोण बसलेलं हवं हे आधी कळायला हवं, पत्ता त्यानंतरचा.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी करमाळ्याला येणार नाही, घरही विकणार नाही. रागावू नका. तुमच्या चित्रात मी मागच्या खोलीत आहे. खोलीचा रंग चांगला असेलही, पण तिला ओटा नाही.

अभिमन्यूला आणि सूनबाई ऋतुजाला आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण,
विजयमाला

ता. क. बजाबाईंना नंतर खऱ्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्यांना फक्त जवळचा चष्मा लागला. सुईत दोरा ओवतात, आणि आता माझ्या अंगणातला कचराही त्यांना दिसतो.

ता. क. २. तिथे डॉक्टरांनी सोबत आलेल्या बाईंचेही डोळे पाहिले. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा पुरता पिकलेला. टाक्यांची माणसं उगाच झाली नव्हती. या पत्राचं मोठं अक्षरही तुमच्यासाठी नव्हतं. ऑपरेशन दसऱ्यानंतरच्या बुधवारी ठरलं आहे. घरचं माणूस सोबत हवं म्हणतात. बजाबाई यायला तयार आहेत, पण "घरचं कोण?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून तुमचंच नाव गेलं. तरी दसरा झाला की यावं. कानाचं यंत्र आणावं, कारण डॉक्टरांच्या सूचना मला वाचता येणार नाहीत आणि तुम्हाला ऐकू यायला हव्यात. पट्टी निघाल्यावर परतायची घाई करू नये. ओटा पश्चिमेला आहे. उंच टाकीची जागा भिंतीकडची.

बजाबाईंचे भाऊ बाळासो करमाळ्याच्या बाजाराला टेम्पो घेऊन येत आहेत. त्यांच्या हाती दिलं ते असं: शेंगाचटणी, एक डबा (डबा परत हवा). कडक भाकरी, एक पुडकं. माझ्या पुढच्या दाराची किल्ली, एक (परत नको).