जगन सरांच्या कपाटाची स्वच्छ प्रत

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू. आंबिवली स्टेशनला उतरतानाच ठरवलं, हे वर्ष माझं. वेबसाइट काढणार. नाव 'पुस्तकांची पाणपोई'. पुस्तकप्रेमी, शिक्षक आणि शाळांचे ग्रंथपाल, सगळ्यांची सोय एका ठिकाणी. अख्खी पुस्तकं, वर्गात विचारायचे प्रश्न, वाचनतासाचे नमुने. सगळं फुकट. महाराष्ट्रात एवढे ग्रंथपाल असून हे कोणाला सुचू नये याचं नवल वाटतं. पुरस्कार यायला हरकत नाही. कोट ड्रायक्लीनिंगला टाकायला हवा.
अक्षदा म्हणाली, आधी मोरीचा नळ बघ. मोठ्या कामात बायकोचा पाठिंबा गृहीत धरू नये.

१२ नोव्हेंबर
वेबसाइट उघडली. पहिल्या पानावर माझा फोटो, खाली 'सुदेश सर, ग्रंथपाल व मार्गदर्शक'. पुस्तक अजून एकही नाही. फोटो चांगला आलाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सुरुवात कुठल्या पुस्तकांनी करावी? जगन सरांचं कपाट! जगन सर माझ्या आधीचे ग्रंथपाल. दरवर्षी सहा डिसेंबरला दादरच्या स्टॉलवरून पिशव्या भरभरून पुस्तकं आणायचे. घर एका खोलीचं, म्हणून कपाट शाळेला दिलं. ते गेले त्याला चार वर्षं झाली. संग्रह उत्तम. खोट एकच. पानापानावर पेन्सिलीची गिचमिड.
त्यांच्या मिसेस, रमाबाई, दर शनिवारी येऊन हीच पुस्तकं वाचतात. शिक्षण चौथीपर्यंत. सर आधी पुस्तक वाचून अवघड शब्दांचे अर्थ समासात लिहून ठेवायचे, म्हणजे ते शाळेत गेले की मागे यांना एकटीने वाचता यावं. लग्न झाल्यापासून हेच. आज रसिका मॅडमना (आमच्या मराठीच्या) सांगत होत्या, घरात करमत नाही ओ बाई, इथं आलं की ह्यांच्याशी बोलल्यासारखं होतं. रसिका मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मला नियम आठवला. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.

२१ नोव्हेंबर
मोबाइलने पानांचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत माझा अंगठा. मधला भाग काळा, ओळी वाकड्या. दोष पुस्तकांचा आहे. नीट उघडी राहत नाहीत.

२५ नोव्हेंबर
मार्ग निघाला. आमच्या घराजवळ, खोपटच्या एसटी डेपोपाशी, मितेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याने नवीन मशीन घेतलंय. सुट्या पानांचा गठ्ठा ठेवायचा, दोन्ही बाजू भराभर स्कॅन. मितेश म्हणाला, पण सर, बाइंडिंग कापायला लागेल. कटर आहे माझ्याकडे, पण एकदा कापलं की कापलं हां, विचार करा. मी नुसता हसलो. दुकानदारांना व्हिजन नसतं.

२६ नोव्हेंबर
रसिका मॅडमना योजना सांगितली. त्या म्हणाल्या, अहो सर, बाकीची कपाटं पडलीयत ना? ती करा की. ते एक सोडा. निदान रमाबाईंना विचारा तरी.
विचारेन म्हटलं. विचारणारच आहे. माणुसकी आहे माझ्यात.

२९ नोव्हेंबर, शनिवार
रमाबाई आल्या. विचारणार होतो. पण त्या वाचत होत्या, आणि वाचकाला त्रास न देणं हे ग्रंथपालाचं पहिलं कर्तव्य. मग चहा आला. मग त्या निघाल्या. जाताना म्हणाल्या, पुढच्या शनिवारी नाही येत सर, सहा तारीख आहे, दादरला जाणार, चैत्यभूमीला.
म्हणजे पुढच्या शनिवारी कपाट मोकळं आहे.

६ डिसेंबर, शनिवार
ऐतिहासिक दिवस. सकाळी शाळेत अभिवादनाचा कार्यक्रम. मी ग्रंथांचे महत्त्व या विषयावर बोललो. टाळ्या बऱ्यापैकी. त्यानंतर टेम्पो बोलावला आणि कपाट रिकामं करून खोपटला आणलं.
कटर पुस्तकाच्या पाठीवरून कलिंगडात सुरी जावी तसा जातो. पहिल्या दोन पुस्तकांच्या वेळी कसंसंच वाटलं, मग सवय झाली. मितेशने विचारलं, सर, ही पेन्सिल राहू दे का? म्हटलं, अजिबात नको. मशीनमध्ये 'क्लीन' म्हणून सेटिंग आहे, फिकट असेल ते सगळं उडवतं. पान कसं कोरं करकरीत! सुट्या पानांचं काय करू म्हणाला. म्हटलं, घाल रद्दीत. आता सगळं क्लाउडवर.
रमाबाईंना विचारायचं राहिलं. त्या दादरला होत्या, त्याला मी काय करणार?

९ डिसेंबर
सगळं अपलोड केलं. दृष्ट लागावी अशी पानं दिसतायत. कॉपीराइटचं नंतर बघू. कॉमेंट शून्य. लोक भारावले असावेत.

१३ डिसेंबर, शनिवार
रमाबाई आल्या. पिशवीत दादरहून आणलेलं एक नवं पुस्तक. कपाट उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, पुस्तकं बाइंडिंगला दिलीयत. तसं हे अगदीच खोटं नाही, विषय बाइंडिंगचाच आहे.
त्यांना इतका आनंद झाला की काय सांगू. म्हणाल्या, लई चांगलं केलंत सर, पार खिळखिळी झालेली. ह्यांना किती बरं वाटलं असतं. मग नवं पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, ह्यात अर्थ लिहायला आता कोण नाही, पण ठेवा ह्यांच्या कपाटात.
त्या गेल्यावर पुस्तक कपाटात ठेवलं, मग काढून माझ्या खणात टाकलं. कपाटात धूळ फार.

१४ डिसेंबर, रविवार
सहज मितेशकडे चक्कर टाकली. रद्दीवाला त्याच दिवशी गठ्ठे घेऊन गेलेला. सहजच रद्दीवाल्याकडे गेलो. त्याने माल कोलशेतच्या गोडाऊनला टाकलेला. सहज कोलशेतला गेलो. गेटवरचा माणूस म्हणाला, काका, ते कवाच गेलं फॅक्टरीत, आता पुठ्ठा झाला असंल त्याचा.
परतीची रिक्षा मिळेना. चालत आलो.

१६ डिसेंबर
स्कॅन मोठे करकरून बघितले. सगळी पुस्तकं. समासात एक रेघ नाही. मितेशवर चिडलो. तो म्हणाला, सर, सेटिंग तुम्हीच सांगितलेलं ना.
घाबरायचं कारण नाही. आज डोकं शांत ठेवून विचार केला आणि उपाय सापडला. पानांच्या प्रिंट काढायच्या, बाइंड करायच्या आणि अर्थ मी लिहायचे. पेन्सिलीने, जगन सरांच्या अक्षरात. ग्रंथालयाच्या जुन्या नोंदी त्यांच्याच हातच्या आहेत, नमुन्याला तेवढ्या पुरतील. मराठीवर माझं प्रभुत्व आहेच. उलट अर्थ जास्त अचूक होतील.

२० डिसेंबर, शनिवार
रमाबाईंना म्हटलं, बाइंडिंगवाला गावाला गेलाय. त्या रिकाम्या कपाटासमोर खुर्ची घेऊन थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. रसिका मॅडमनी मला विचारलं, कुठला बाइंडिंगवाला? मी बेल द्यायला गेलो. बेल द्यायचं काम माझं नाही.

२८ डिसेंबर, रविवार
सरांचा 'र' जमला. 'ळ' अजून लंगडतोय. नाताळच्या सुट्टीत एक पुस्तक पूर्ण करायचं. समास भरगच्च दिसला पाहिजे, म्हणून दिसेल त्या शब्दाला अर्थ देत सुटलोय. अक्षदाने काय चाललंय विचारलं. म्हटलं, ग्रंथसेवा. तिने पान उचलून बघितलं, पेन्सिल बघितली, आणि चहा ठेवून आत गेली. मोरीचा नळ तिने स्वतःच चिंधीने बांधला.

३ जानेवारी २०२६, शनिवार
पहिलं पुस्तक रमाबाईंच्या हातात दिलं. म्हटलं, कागदाला प्रक्रिया केलीय, म्हणून नवा दिसतो. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला, चष्मा लावला, वाचायला लागल्या. समासावर बोट ठेवून, नेहमीसारख्या. जमलं! रसिका मॅडमना बोलावून दाखवावं असं मनात आलं.
मग बोट थांबलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. 'उपासमार' या शब्दावर बोट होतं. पुढे समासात माझ्या हाताने, सरांच्या अक्षरात, 'खायला न मिळणे'.
रमाबाई म्हणाल्या, सर, हा शब्द मला येत होता. माझं लहानपण त्यातच गेलं, ह्यांना ठाऊक होतं ते. ते कशाला ह्याचा अर्थ लिहितील?
मी म्हटलं, विसरले असतील.
त्या म्हणाल्या, ते नव्हते विसरत.
त्यांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी विचारलं, ह्यांच्या हातची पानं कुठंयत? बाइंडिंगवाल्याचं नाव घेणार होतो. रद्दीत गेली म्हटलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, मला एकदा विचारायचं होतंत ओ सर, मी पदरात बांधून नेली असती.
दादरहून आणलेलं पुस्तक मागितलं. दिलं. ते पिशवीत घालून गेल्या. मी केलेलं पुस्तक टेबलावरच ठेवून गेल्या.

१० जानेवारी, शनिवार
रमाबाई आल्या नाहीत. रसिका मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. रमाबाईंचं घर त्यांना माहीत आहे, पण मी पत्ता विचारला नाही. पुढच्या आठवड्यात बघू.
दुपारी वेबसाइटवर पहिली कॉमेंट आली. नाशिककडच्या कुठल्या तरी शाळेतल्या ग्रंथपाल बाई. लिहिलंय: सर, किती सुंदर प्रती! एकाही पानावर पेन्सिलीचा साधा डाग नाही. जुनी पुस्तकं एवढी जपणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. आमच्या मुलांना तुमचं उदाहरण देणार आहे.
वाचून आनंद झाला. लगेच इतकी लाज वाटली की फोन पालथा ठेवला. खरं काय ते त्यांना कळवायचं ठरवलं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
शेवटी 'आभारी आहे' लिहून पाठवलं.