सरकारी टाकीत खाजगी पेट्रोल ओतण्याच्या परवानगीबाबत

प्रति,
मा. श्री. आल्हाद बापूसाहेब पेंढारकर,
उपविभागीय अधिकारी (बचाव नौका),
जलाशय सुरक्षा कार्यालय, राइट टाउन, जबलपूर.
(सध्या मुक्काम : जलाशयातील टापू, सूचना फलकाजवळ)

अर्जदार : मुरलीधर श्रीरंग ठोसर, नौका प्रभारी,
राहणार महाराजपूर, जबलपूर.
(सध्या मुक्काम : वरीलप्रमाणेच)

विषय : बचाव नौकेच्या टाकीतील सरकारी पेट्रोल काढून त्या जागी अर्जदाराच्या डब्यातील पेट्रोल ओतण्याची परवानगी उजेड असेपर्यंत मिळणेबाबत.

संदर्भ : आपला आज दुपारचा तोंडी आदेश, "जे काय असेल ते लेखी द्या."

महोदय,

वरील आदेशास मान देऊन, आपल्यापासून चार हातांवर बसून, पुढील निवेदन सादर करीत आहे.

१. प्रथम भाषेबाबत खुलासा. कार्यालयाचे कामकाज हिंदीत चालते याची मला जाणीव आहे, आणि पेट्रोलविषयीचे माझे याआधीचे सर्व अर्ज हिंदीतच होते. त्यांचे काय झाले ते आपण जाणताच. आज सकाळी नावेत पाय ठेवताना आपण म्हणालात, "काका, ऑफिसबाहेर तरी मराठीत बोलत जा ना, माझी पार सुटून राहिली." हा टापू कार्यालयात मोडतो की कार्यालयाबाहेर, यावर आपण निर्णय दिलेला नाही, तेव्हा तो होईपर्यंत मराठी चालेल असे गृहीत धरले आहे. कागद म्हणून तपासणीच्या छापील फॉर्मची मागची बाजू वापरली आहे. हिंदी प्रत मागितल्यास तेवढा कागद उरणार नाही.

२. घटनाक्रम असा. टापूवरचा धोक्याचा फलक जागेवर आहे की नाही याची पाहणी करण्यासाठी आपण व मी आलो. फलक जागेवर आहे. "पावसाळ्यात पाणी अचानक वाढते. टापूवर थांबू नये. आदेशानुसार" हा मजकूर दुरूनही वाचता येतो आणि त्याखाली आपले पदनाम ठळक रंगवलेले आहे. आपण फलकाचे सर्व बाजूंनी फोटो काढले, आपण डबा खाल्लात, मी पोळी खाल्ली. परत निघालो तेव्हा इंजिन सुरू झाले, थोडे पुढे गेले, दोनदा खोकले आणि बंद पडले. वाऱ्याने नाव पुन्हा टापूलाच आणून लावली. त्यानंतर मी इंजिन सुरू करायची दोरी इतक्या वेळा ओढली की उजवा खांदा आता वर होत नाही. अक्षर वाकडे आले आहे त्याचे कारण हेच. आपल्याविषयी अनादर नाही.

३. इंजिन का बंद पडले, याविषयी आपण "देखभाल नीट नसेल" असे म्हणालात. नम्रपणे विरोध नोंदवतो. हल्ली पंपावर जे पेट्रोल मिळते त्यात इथेनॉल मिसळलेले असते. स्कूटरला त्याचे काही वाटत नाही. स्कूटर आज भरते, परवा संपवते. नावेचे पेट्रोल महिनोन्महिने ड्रममध्ये पडून राहते, तेही पाण्याच्या काठावर, आणि इथेनॉल हवेतला ओलावा पीत राहते. पोट भरले की ते पेट्रोलची सोबत सोडते आणि पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसते. टाकीत नळीचे तोंडही तळाशीच असते. सकाळी मी नुकतेच ओतले होते, सगळे ढवळलेले होते, म्हणून आपण इथवर आलो. आपण फोटो काढत असताना ते निवांत खाली बसले.

गोहलपूरचा मेकॅनिक विपुल याच्याकडे मी याच कारणाने पूर्वीही कार्बोरेटर नेला होता. रबरी नळी फुगून मऊ झाली होती. त्याने टाकीतले थोडे काचेच्या ग्लासात ओतून मला दाखवले आणि म्हणाला, "अंकल, ये पेट्रोल नहीं, शरबत है. नाव को मत पिलाओ." हे वाक्य मी अर्जात जसेच्या तसे उतरवले. त्यावर भांडार शाखेकडून उत्तर आले की कार्यालयाच्या साठ्यात शरबत या नावाची कोणतीही वस्तू नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. पेट्रोलविषयीच्या माझ्या अर्जांना आलेले हे एकच उत्तर.

४. आता मूळ दुखण्याकडे येतो. आपले वडील कै. बापूसाहेब संरक्षण कारखान्यात भांडारपाल होते. जबलपुरातल्या मराठी घरांत त्यांचा दरारा मी स्वतः पाहिला आहे. "जुने आधी, नवे नंतर" हा त्यांचा नियम. आपल्या घरी तांदूळ, डाळ, लोणचे, साबणाची वडी, सगळे त्याच क्रमाने निघते असे आपणच अभिमानाने सांगता. इथे रुजू होताच आपण तो नियम पेट्रोललाही लावला. महोदय, नटबोल्ट जुने झाले तरी नटबोल्टच राहतात, आणि जुन्या तांदळाचा भात तर जास्त मोकळा होतो. पेट्रोलला हा गुण नाही. नवा ड्रम येतो तेव्हा जुना संपलेला नसतो, म्हणून नवा बाजूला ठेवला जातो, आणि त्याची पाळी येईपर्यंत तोही जुना होतो. आपल्या कार्यालयात ताजे पेट्रोल येते, पण ताजे पेट्रोल कधीही वापरले जात नाही.

जुने फेकून द्यावे तर ते निकामी असल्याचा दाखला लागतो. दाखला हवा तर इंजिन त्याच पेट्रोलवर ठरलेले तास चालवून दाखवावे लागते. इंजिन त्यावर चालत नाही, म्हणून ते निकामी ठरत नाही. या चक्रात मी गेली दोन वर्षे फिरत होतो. आज त्यात आपणही आहात.

५. वरील अनुभवामुळे मी आज सकाळी अधारतालच्या पंपावरून स्वतः ताजे पेट्रोल आणले आणि त्यात ऑइलही मिसळले. इथेनॉल त्यातही आहे, पण ते अजून पाणी प्यायलेले नाही. धक्क्यावर डबा पाहून आपण म्हणालात, "काका, हे घालू नका बरं. प्रायव्हेट पेट्रोल सरकारी इंजिनात गेलं अन् इंजिन बसलं, तर ऑडिटवाले मलाच धरतील." डबा सोबत ठेवण्यास मात्र आपण मनाई केली नाही. आपण सध्या त्याच डब्यावर बसला आहात.

काम फार नाही. टाकीतले सरकारी पेट्रोल आपल्या पिण्याच्या पाण्याच्या जारमध्ये काढून घेईन. जलाशयात सांडणार नाही, सगळे शहर हे पाणी पिते. कार्बोरेटर पुसून घेईन, डबा ओतीन, आणि डाव्या हाताने दोरी ओढीन.

६. दुसरे उपाय तपासून पाहिले. वल्ही होती, पण नावेला इंजिन असल्याने ती अनावश्यक ठरवून मागील साली परत घेण्यात आली. मोबाइलला रेंज नाही. मासेमारी बंदीचा काळ असल्याने पाण्यावर कोळ्यांची एकही डोंगी नाही, आणि ती बंदी पाळली जाते की नाही हे पाहण्याचे काम आपल्याच नौकेकडे आहे. "घाबरता काहून काका, दुसरी लाँच निघून राहिली असेल," असे आपण म्हणालात. दुसरी लाँच विपुलच्या दुकानाबाहेर उलटी ठेवलेली आहे. तिलाही शरबतच बाधले.

नुसते नावेत बसून राहावे, नाव तरंगेलच, असेही आपण सुचवले. परंतु मघाशी वाजला तो धरणाचा पहिला भोंगा होता. दुसरा वाजला की दरवाजे उघडतील. दरवाजे उघडल्यावर इंजिन बंद असलेली नाव कुठे जाते, हे मला माहीत आहे. मला ते या अर्जात लिहायचे नाही.

७. परवानगीवाचून मी स्वतःच हे काम का करत नाही, असा प्रश्न आपणास पडणे साहजिक आहे. मलाही पडला. मघाशी आपण पाण्याकडे पाहत होतात तेव्हा मी उठलो, टाकीच्या झाकणावर हात ठेवला, आणि तो हात तिथेच राहिला. सबंध नोकरीत मी सहीवाचून एक स्क्रूसुद्धा काढलेला नाही. आता जीव जायची वेळ आली तरी हात सही मागतो. आपणही तसेच. आपण म्हणालात की सही करीन, पण शिक्का राइट टाउनच्या कपाटात आहे, आणि शिक्क्यावाचून सही म्हणजे काय? महोदय, मला आपला राग येत नाही. मला भीती वाटते आहे, आणि आपल्यालाही वाटते आहे. आपण दोन्ही लाइफ जॅकेटे एकावर एक घातली आहेत, यावरून मी तसे म्हणतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

८. हा मुद्दा लिहू की नको असा विचार करून लिहीत आहे. सकाळी सौ. यशश्रीताई आपला जेवणाचा डबा द्यायला धक्क्यावर आल्या होत्या. आपण नावेकडे गेल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, यांना पोहता नाही येत. ऑफिसात कोणाला सांगत नाहीत. तुम्ही लक्ष ठेवा हं." मी "चिंता नका करू, बेटा" असे म्हटले.

मला पोहता येते. खांदा असा असला तरी, एका हाताने का होईना, मी पलीकडचा काठ गाठू शकतो. आपण मघाशी, माझ्याकडे न पाहता, "तुम्ही निघा काका" असे म्हणालात. त्या तोंडी आदेशाचे पालन करण्यास मी असमर्थ आहे, याची कृपया नोंद घ्यावी. याबद्दल जी शिस्तभंगाची कारवाई होईल ती मान्य आहे.

९. हा अर्ज सुरू केला तेव्हा फलकाचा खांब कोरडा होता. तिसऱ्या मुद्द्याच्या सुमारास पाणी खांबाला लागले. आता आपले पदनाम पाण्याखाली गेले आहे. "आदेशानुसार" अजून दिसते, पण लाट आली की दिसत नाही.

तरी विनंती की, शिक्क्याची वाट न पाहता या कागदाच्या खाली नुसते नाव लिहावे. इंजिन बसल्यास ते मी बसवले असे समजावे. जबाबदारी माझी, हे मी इथे लिहून देत आहे. आणि सही करून झाल्यावर कृपया डब्यावरून उठावे.

आपल्याशिवाय इथून न हलणारा,
आपला नम्र,

(मु. श्री. ठोसर)
नौका प्रभारी

स्थळ : टापू, जेवढा उरला आहे तेवढा
दिनांक : आजचाच

सोबत :
१. पाण्याच्या बाटलीत टाकीच्या तळचा नमुना. नळीतून आपोआप गळला तेवढाच घेतला आहे, झाकण उघडलेले नाही. उजेडाकडे धरून पाहावा. दोन थर स्पष्ट दिसतात.
२. पेन. माझ्याजवळ हे एकच होते. अर्ज लिहून झाला आहे. आता ते आपल्या हातात देत आहे.