लॉरी कार्ड्यूच्या तरुण आवाजाची व्यवस्था

मी, हेस्टर कार्ड्यू, वय सत्तावीस, व्यवसाय पियानो सुरात लावणे, राहणार मोरकम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाची झडप बिघडली आहे. बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीला घातलेले नाही. उद्या सकाळी माझी छाती उघडणार आहेत. सर्जनबाईंना मी स्पष्ट विचारले, त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि घरी येऊन मी हा कागद पुढे घेतला. माझे लग्न झालेले नाही, मूल नाही. वडील आहेत, गायक लॉरी कार्ड्यू, आणि सगळी काळजी तीच आहे.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी आत्या विनिफ्रेड कार्ड्यू हिने करावी. लहानपणी मी शाळेत गेले नाही. वडिलांच्या दौऱ्याच्या बसमध्ये आत्यानेच मला शिकवले. वाचायला गाण्यांच्या कागदांवरून, अपूर्णांक तालावरून. खोटे तिला खपत नसे. "हेस्टर, जिभेला साबण लावीन," म्हणायची आणि एकदा लावलाही होता. तो धाक अजून आहे, तेव्हा खाली लिहिले आहे ते खरे समजावे. बँकेत जे काही उरेल ते आत्याचे. त्यातून तिने माझ्या अंत्यविधीनंतर लोकांना चहा आणि हॅमचे सँडविच द्यावेत. लोण्यातली कोळंबी ठेवू नये. वडील ती हावरटासारखी खातात आणि मग आजारी पडतात.

२. माझी पियानो लावायची किल्ली, रबरी पाचरी आणि फेल्टच्या पट्ट्या वडिलांच्या साथीला बास गिटार वाजवणाऱ्या इड्रिस प्रॉसरला द्याव्यात. कारण त्याला ठाऊक आहे.

वडील एकेकाळी गाण्याने फुटबॉलची मैदाने भरत. आता ते इथल्या समुद्राकाठच्या थिएटरात हिवाळी हंगाम करतात, मोरपिशी मखमली कोट घालून. कोट तोच आहे. आत्या त्याची शिवण सैल करते. पियानो मी सैल करते. वरचे सूर त्यांना लागेनासे झाले, तेव्हापासून दर हंगामाला मी अख्खा पियानो अर्धा सूर खाली उतरवते. त्यांची बोटे जुन्याच पट्ट्यांवर पडतात, गाणे मात्र खालून निघते. यावर आम्ही कधी बोललेलो नाही. पहिल्या तालमीला ते एक सूर वाजवतात, थांबतात आणि पियानोवर हात फिरवून म्हणतात, "म्हातारा आळसावलाय." मी म्हणते, "थंडी आहे, बाबा." इड्रिस मान खाली घालून आपल्याही तारा उतरवतो.

इड्रिस, आता आणखी उतरवू नकोस. तारांत ताण उरलेला नाही. मागच्या शनिवारी खालचे सूर भिजलेल्या दोरीसारखे वाजले. याच्या खाली जागा नाही.

३. जिन्याखालची सगळी पोस्टरे कार्यक्रमांचे ठेकेदार कथबर्ट स्ट्रँग यांच्या दारात नेऊन टाकावीत. तिन्ही दौऱ्यांच्या पोस्टरांवर 'अखेरचा दौरा' असे छापले आहे. पहिल्या वेळी लोक रडले, दुसऱ्या वेळी हसले, तिसऱ्या वेळी आलेच नाहीत. स्ट्रँग यांचे म्हणणे, "लॉरी, निरोप विकला जातो रे. स्वागत कोण विकत घेतंय?" तेव्हापासून आमच्या घरात 'निवृत्त' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. टीव्हीवर कोणी म्हणाले तरी वडील आवाज बंद करतात. स्ट्रँगना मी क्षमा केलेली नाही. प्रयत्न करून पाहिला.

४. आता टेपा. मी अठरा वर्षांची झाले तेव्हा आमचे मोठे घर हातचे गेले होते. वडिलांनी मला एक खोके दिले, रीतसर हक्क लिहून. त्यातल्या टेपांवर त्यांचा पंचविशीतला आवाज आहे. नुसता आवाज, वाद्य नाही, काही नाही. स्ट्रँगनी आता लंडनची एक कंपनी आणली आहे. तिचे यंत्र तो आवाज शिकेल आणि हवे ते गाईल. वडिलांनी पियानोवर बसून ओठ हलवायचे. माझ्या सहीशिवाय हे होत नाही, आणि मी वर्षभर सही केलेली नाही.

"पोरी, लोक त्या पोराला बघायला येतात," वडील मला स्वयंपाकघरात म्हणाले. "मी कोण? त्याचा कोट घालून बसलेला कुणीतरी."

"मग तुम्ही कोण ते ऐकू दे त्यांना."

"ऐकलंय त्यांनी. म्हणून तर खुर्च्या रिकाम्या आहेत."

"लॉरी," आत्या बटाटे सोलता सोलता म्हणाली, "चर्चमध्ये तू नुसतेच ओठ हलवायचास तेव्हा आईनं कानफटात दिली होती. आता ती नाहीये म्हणून सोकावलास का?"

ते हसले, मग खोकला आला, मग बराच वेळ थांबला नाही.

एकदा त्या यंत्राने गायला सुरुवात केली की माझे वडील पुन्हा स्वतःचे तोंड उघडणार नाहीत, हे मला दिसते आहे. मला त्यांचा फाटलेला आवाज चालतो. पण आवाज त्यांचा आहे, माझा नव्हे. जिवंत असताना मी अडवून धरले. मेल्यावरही एखाद्याचा आवाज अडवून ठेवायचा हे मला जमत नाही. म्हणून टेपा आणि पियानो वडिलांना, विनाअट. काही कारणाने ते घेऊ शकले नाहीत तर दोन्ही आत्याला. तिने टेपा कोणालाही देऊ नयेत आणि आपल्याबरोबर पुरायला सांगावे.

ते घेतील. पुढे काय होईल तेही मला ठाऊक आहे.

५. माझ्या अंत्यविधीत वडिलांचे कोणतेही गाणे यंत्रावर लावू नये. त्यांना गाता आले तर त्यांनी गावे. नाही आले तर सगळ्यांनी गप्प बसावे.

हेस्टर कार्ड्यू
(सही)

सहीखाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत. तरी घडले ते लिहिते.

साक्षीला शेजारचे ऑर्मरॉड पतिपत्नी आले. वडिलांना मी बाहेर थांबायला सांगितले होते. ते आत आले आणि उभ्याउभ्याच सगळे वाचले. त्या सर्वांसमोर मी सही केली, मग मिसेस ऑर्मरॉडनी. मिस्टर ऑर्मरॉड पेन उचलणार, तोच वडिलांनी ते घेतले.

"बाबा, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तुमचा वाटा जाईल."

"मला वाचता येतं, हेस्टर."

"टेपा जातील."

"विनीकडे जातील. विनी म्हणजे तिजोरी."

"मग मी हे फाडते. दुसरं लिहिते."

"लिही. त्याच्यावरही मीच सही करीन. आयुष्यभर दुसरं काय केलंय?"

"लॉरी, तिकडे माझं तेल तापलंय रे," मिस्टर ऑर्मरॉड म्हणाले. बायकोने त्यांना कोपर मारले.

वडील खाली बसले. "तू नसताना तो आवाज घेऊन मी गाऊ काय?" ते म्हणाले.

त्यांनी सवयीने चाहत्यांना देतात तशी मोठी लफ्फेदार सही केली, मग ती खोडून पूर्ण नाव लिहिले. पत्ता लिहिला. व्यवसायापाशी पेन थांबले. ती जागा कोरी चालेल असे मला म्हणायचे होते, पण कायद्याचे मला नक्की ठाऊक नव्हते, आणि तोवर त्यांनी एक शब्द लिहिला. आता त्यांच्यापाशी तो तरुण आवाज नाही आणि हा फाटलेलाही नाही. दुसरे मृत्युपत्र लिहायला माझ्यात त्राण नाही.

मोरकम, १६ नोव्हेंबर २०२३

साक्षीदार पहिले: डोरीन ऑर्मरॉड, शेजारचे घर, मोरकम. व्यवसाय: मासे आणि चिप्सचे दुकान.

साक्षीदार दुसरे: (खोडलेली सही) लॉरेन्स कार्ड्यू, याच घरी. व्यवसाय: निवृत्त.