सहदेवची हवा

३ मार्च १९६४, मंगळवार
आज दुपारी धरणावर कामाला लागलो. रोहिणखेडहून पायी आलो, तरी पाय दुखले नाहीत, इतका आनंद होता. साठी उलटलेल्या माणसाला कोण काम देतं? माझी शाळा चौथीपर्यंत, उमर विहिरी खोदण्यात गेली. पण ओव्हरसियर शंकररावांना दोर सांभाळणारा माणूस हवा होता. खोली छान आहे, खिडकीतून पाणी दिसतं. जेवण तानाबाईकडे. तिनं आल्याआल्या विचारलं, निवृत्तीबुवा, तुमाले पोहता येते का. नाही म्हटलं. तर म्हणे, मंग बरं हाय, हातपाय मारायची मेहनत वाचली.

५ मार्च, गुरुवार
धरणाचा खालचा दरवाजा गाळात अडकला आहे. तो मोकळा करायला मालवणचा पाणबुड्या आला आहे, सहदेव. तिशीचा, हसरा. मला मामा म्हणतो. तराफ्यावर हवेची टाकी असते, तिची रबरी नळी त्याच्या तोंडापर्यंत जाते. त्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक माझ्या हातात. टाकीवर एक तबकडी आहे. हवा संपत आली की काटा तांबड्या रेघेवर येतो. सहदेवच्या मनगटावर वेळेचं घड्याळ आहे, किती खोल गेला ते दाखवणारं दुसरं आहे. हवा तेवढी वरच दिसते. तो म्हणाला, कधीतरी ही तिन्ही एकाच तबकडीत येतील आणि ती मनगटावर बसेल, मग मामा तुम्हाला सुट्टी. तोवर माझा श्वास तुमच्या डोळ्यांत. काटा रेघेवर आला की ओढा, खालून तीन हिसके आले तरी ओढा. मी हो हो केलं. मनात धाकधूक होती, पण ती मला लहानपणापासून आहे.

७ मार्च, शनिवार
सहदेव दोनदा उतरला, दोनदा हसत वर आला. हिसक्याची वेळ आलीच नाही. जेवताना त्यानं बायकोचं पत्र वाचून दाखवलं. अन्नपूर्णा नाव. तिनं लिहिलं होतं की वरच्या माणसाला माझा नमस्कार सांगा. तानाबाई म्हणे, पाहा बुवा, तुमाले मालवणहून नमस्कार येऊन राह्यले. मला लाज वाटली, बरंही वाटलं.

९ मार्च, सोमवार
सहदेव गेला.
खालून तीन हिसके आले. आमच्या विहिरीत तीन हिसके म्हणजे दोर सोड. तीस वर्षं माझ्या हातांना तेवढंच माहीत. मी सोडला. पुन्हा तीन आले. पुन्हा सोडला. काटा रेघेवर आलेला मी पाहिला. वाटलं, दोर मागतो आहे, म्हणजे हवा पुरेल हे त्याला ठाऊक असणार. त्याला कसं ठाऊक असणार?
शंकररावांनी विचारलं, हिसके आले होते का. मी नाही म्हणालो. रेघेवर काटा येताच ओढलं, पण तोच येईना, असंही म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं, पाणबुड्याचा स्वतःचा हलगर्जीपणा. संध्याकाळी इथंच अग्नी दिला.

१० मार्च
शंकररावांनी तबकडी टाकीवरून काढून माझ्या खोलीत ठेवायला दिली. चौकशीत लागेल म्हणे. सहदेवच्या घरी तार गेली. त्याची बायको शनिवारी येणार आहे.
तबकडी फळीवर ठेवली तेव्हा काटा शून्यावर होता. जेवून आलो तर शंभराच्या वर. नळी नाही, टाकी नाही. तानाबाईला दाखवलं. ती म्हणे, बुवा, काटा खालीच तं हाय, काऊन मले भेव दाखवता.

११ मार्च
काटा उतरतो आहे. मी श्वास घेतला की जरासा उतरतो. रोखून धरला की थांबतो. वीसदा करून पाहिलं. ही सहदेवची हवा नाही. माझी आहे.

१२ मार्च
शंकररावांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाहीच म्हणालो. खोलीत आलो तर काटा एकदम खाली आलेला — दिवसभराची हवा त्या एका शब्दात गेली.
खरं सांगायला जावं तर ते बुलढाण्याला निघून गेलेले. रविवारी येतील.

१३ मार्च
कमी बोलतो. चालत नाही, पडून राहतो. सहदेवच्या बाईंना सांगण्यापुरती हवा राहिली पाहिजे. त्यांचा नवरा बेपर्वा नव्हता, एवढं तरी —
छाती भरत नाही. तानाबाई म्हणे, डागदर बोलावू का. नको म्हणून मान हलवली. शब्द वाचवला.

१४ मार्च
काटा रेघेवर.
दहाच्या मोटारीनं बाई आल्या. ओसरीवर बसल्या आहेत. मला वाकून नमस्कार केला — मला. मग विचारलं, त्यांनी दोर ओढला होता का हो, मामा.
मी नाही म्हणालो. का म्हणालो — तोंडाला सवय —
काटा रेघेखाली. आवाज निघत नाही. बाईंना वाचता येतं. वही त्यांच्या हातात देतो.
बाई, त्यानं ओढला होता. तीनदा. पुन्हा तीनदा. चूक त्याची नाही. त्याला हवा दिसत नव्हती. मला दिसत होती. मी