शिट्टी पप्पांच्या हातात

गंगापूर रोड, नाशिक
९ डिसेंबर २०२४

ती. अंजलीताईस,
अश्विनचा सप्रेम जय भीम. वि. वि. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. आम्ही सगळे खुशाल. राखी सोडून.

काल तिच्या संघाचा पंचवटीच्या मुलींशी फुटबॉलचा अंतिम सामना होता, बारा वर्षांखालचा. रेफरी आलेच नाहीत. नियमांचं पुस्तक वाचलेला पालक मी एकटाच, म्हणून आयोजकांनी शिट्टी माझ्या हातात दिली. बापाने लेकीची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ठरवलं की शंका आली तर निकाल राखीच्या विरुद्ध द्यायचा. ताई, मला शंका फार येतात. तिचे दोन्ही गोल मी रद्द केले. बुटाची नाडी बांधायला वेळ लावला म्हणून पिवळं कार्ड दाखवलं. शेवटी पंचवटीची एक मुलगी आपली आपणच पडली, तिला पेनल्टी दिली. राखीचा संघ एक-शून्यने हरला.

आता ती घरात मला सर म्हणते. काल जेवताना मीठसुद्धा सर म्हणून मागितलं. बूट माळ्यावर टाकलेत. २९ तारखेला जिल्हा संघाची निवड आहे, त्यासाठी वर्षभर पहाटे उठली, आणि आता जाणार नाही म्हणते. मी अन्याय केला का? डायरीत तीन पानं लिहून झाली, निकाल लागत नाही. तू सांग.

लोभ आहे तेवढा राहू दे, रागावलीस तरी.
तुझा
अश्विन

इगतपुरी
१३ डिसेंबर

चि. अश्विन यास,
ताईचा जय भीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. नाडीपाशी आले तेव्हा तुझ्या दाजींना चहाचा ठसका लागला, तो अजून थांबलेला नाही.

लहानपणी कॅरममध्ये जिंकत आलास की तू स्वतःच्याच बोटावर संशय घेऊन सोंगटी परत ठेवायचास. आम्हाला ते सोयीचं होतं, म्हणून कुणी बोललं नाही. पण सोंगटी तुझी होती. गोल पोरीचे होते, बाबा! आपलं नाव चांगलं राहावं म्हणून तू तिचे गोल घालवलेस आणि वर त्याला न्याय म्हणतोस?

राखीला समजावत बसू नकोस, तुझं समजावणं दीड तास चालतं. पंचवटीच्या प्रशिक्षकांकडे जा, गोल खरे होते एवढं सांग आणि गप्प बस.

माया आहेच. थोडी अक्कल दाखवलीस तर आणखी करीन.
ताई

नाशिक
१७ डिसेंबर

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. काल पंचवटीत जाऊन आलो. त्यांचे प्रशिक्षक जयराम सर भाजीबाजारात मेथी घेत होते. गोल खरे होते, असं मी सांगितलं. ते म्हणाले, ते अख्ख्या मैदानाला कळलं होतं. फक्त त्या पोरीच्या बापाशी माझं काही जुनं भांडण असावं, असं त्यांना वाटलं. बाप मीच, म्हटल्यावर त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

चषक त्यांच्या मुली देणार नाहीत, पण रविवारी पुन्हा खेळतील, बाहेरचा रेफरी आणून. या एका सामन्यापुरते राखीने बूट खाली काढले. निवडीचं विचारलं तर बघू म्हणाली. अट एकच: मी कडेला उभं राहायचं आणि निष्पक्ष चेहरा करायचा नाही. आरशासमोर प्रयत्न केला. जमत नाही.

आठवण ठेव, हसणं कमी कर.
अश्विन

नाशिक
२२ डिसेंबर

ती. आत्यास,
राखीचा जय भीम. हे पत्र पप्पांना माहीत नाही.

आज आम्ही दोन-एकने हरलो. एक गोल माझा. दुसराही मी मारला, पण रेफरींनी ऑफसाइड दिला. पप्पा आधी पुस्तकात पान शोधत होते. मग पुस्तकच फेकलं आणि रेफरींवर ओरडले की डोळे घरी ठेवून आलात का. आत्या, आपले पप्पा! त्यांना मैदानाबाहेर काढलं. जाता जाता ते जयराम सरांनाही म्हणाले की तुमच्या मुली रडीचा डाव खेळतात. उरलेला सामना त्यांनी भेळेच्या गाडीमागून ओरडत पाहिला. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला की पुढचे दोन्ही पास चुकले.

निवडीला मी जाणार आहे. पप्पा गाडीवर सोडणार आहेत.

एक गोष्ट तुलाच सांगते. मी खरंच ऑफसाइड होते, चांगली दोन पावलं. २९ तारखेपर्यंत पप्पांना कळू देऊ नकोस. नाहीतर मला सोडायचं राहील आणि ते माफी मागायला रेफरींचं घर शोधत फिरतील.

माझ्यावर जीव असू दे, आणि पत्र लपवून ठेव.
तुझी
राखी